आवाज थांबेपर्यंत

सिग्नलकाकांना हे नाव बसडेपोने दिलं, आणि ते असं चिकटलं की एकदा ड्यूटीच्या फळ्यावरही कारकुनाने तेच लिहून टाकलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, काकांनाही नाही. ते गुपचूप आपली गाडी घेऊन गेले. नाव पडायचं कारण साधं होतं. चौतीस वर्षं बस चालवली, पण लाल दिव्याला त्यांचं चाक कधी पट्ट्यापुढे गेलं नाही. चौक मोकळा असो, समोरून कुत्रंही येत नसो, काका थांबायचे. मागून उतारू ओरडायचे, "अहो, थांबलात कोणासाठी?" काका आरशातून बघून शांतपणे म्हणायचे, "दिव्यासाठी."

असा माणूस गाडीत शोभतो. घरात त्याला सांभाळणं अवघड. निवृत्त झाल्यावर काकांचा सगळा काटेकोरपणा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन कोंडला. बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघायचं, नळ दोनदा पिळायचा, आणि दाराला कुलूप लावल्यावर ते इतकं ओढायचं, की काकू म्हणायच्या, "अहो, ते लागलंय. आता ओढून ओढून त्याचा जीव घेऊ नका." सात वाजताच्या सिनेमाला निघालेली ही जोडी मध्यंतरापर्यंत पोचली तरी काकू समाधान मानत.

या घरात दोन वर्षांपूर्वी लेकीने नवं स्वयंपाकघर करून दिलं, आणि त्यात भिंतीच्या कपाटात बसवलेला विजेचा ओव्हन आला. एकावर एक असे दोन ओव्हन, दोन दारं, चार गोल बटणं. वरच्या ओव्हनमध्ये ग्रिल, म्हणजे छताला लावलेली एक लालबुंद होणारी सळई. काकांनी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा दोन पावलं मागे सरून ते म्हणाले, "ही तर दुमजली बस!" त्यानंतर त्यांनी त्या बसचं स्टिअरिंग काही हातात घेतलं नाही. ती काकूंची गाडी. काकू एका शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं राबलेल्या, त्यांना चारशे मुलांचा स्वयंपाक म्हणजे डाव्या हातचा मळ. त्यांनी आठवड्यात ओव्हन काबूत आणला. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे आणि वास आला की आत येऊन विचारायचे, "स्टॉप आला का?"

मग लेकीला बाळ झालं आणि काकू तीन आठवडे तिच्याकडे गेल्या. जाताना कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवून गेल्या. वर लिहिलं होतं, "ओव्हन लावायचाच असेल तर." या 'च'मध्ये काकूंचा आपल्या नवऱ्याविषयीचा तीस वर्षांचा अनुभव होता. खाली सूचना होत्या, त्यांच्या गोल शाळकरी अक्षरात. कोरडे हातमोजे घालूनच हात आत घालायचा, ओल्या फडक्याने नाही, वाफ लागते. दार उघडताना तोंड समोर न्यायचं नाही, बाजूला उभं राहायचं. उघड्या दारावर भांडं टेकवायचं नाही. तळाला फॉइल अंथरायची नाही. खालचा लावला तरी वरचाही तापतो, तेव्हा वरच्यात पेपर, पिशव्या, तुमचा चष्मा असलं काही कोंबून ठेवायचं नाही. ग्रिल लावलं की समोरून हलायचं नाही. नारिंगी दिवा विझला म्हणजे ओव्हन बंद झाला असं नाही, हवं तेवढं तापलं एवढंच. आत आवाज येतोय तोवर भिंतीवरचं मोठं लाल बटण बंद करायचं नाही, बसवणाऱ्याने बजावलंय. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून, "ओव्हन चालू ठेवून घराबाहेर जायचं नाही."

हे शेवटचं वाक्य वाचून काका दुखावलेच. काळ्या दगडावरच्या रेघेला कोणी पुन्हा खडूने गिरवावं तसं त्यांना वाटलं. चालू इंजिन सोडून चौतीस वर्षांत ते कधी चहालाही उतरले नव्हते.

कागदाच्या अगदी तळाशी "अडलं तर" म्हणून तीन नंबर होते. एक काकूंचा. एक ओव्हन बसवणाऱ्याचा. आणि तिसऱ्यासमोर काकूंनी नुसतं "भावोजी" लिहिलं होतं.

काकांनी तो तिसरा नंबर बघितला आणि मग त्या कोपऱ्याकडे बघणं सोडून दिलं.

भावोजी म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. तोही त्याच डेपोत, मेकॅनिक. हाताने असा हुशार, की नुसतं इंजिनला कान लावून कुठला नट सैल आहे ते सांगायचा. दोघा भावांचा डबा एकत्र. लहानपणापासून धाकट्याला प्रत्येक पदार्थाची करपलेली कड लागायची. भांड्याला चिकटलेलं, काळपट, कुरकुरीत ते सगळं त्याचं, आणि मधलं मऊ दादाचं. या वाटणीवर दोघांचं बालपण आणि बरीचशी नोकरी भांडणाशिवाय गेली.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी डोंगराच्या रस्त्याची फेरी होती. गाडी तपासली म्हणून धाकट्याने कागदावर सही केली होती. काकांनी आवारातच ब्रेकवर पाय दिला, आणि त्यांच्या पायाला ते बरं लागलं नाही. पुन्हा दिला, पुन्हा बरं लागलं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरून थेट नोंदवहीत लिहिलं, "ब्रेक मऊ. गाडी नेणार नाही." भावाला आधी विचारलं नाही. नियमच तसा होता, तक्रार वहीत लिहायची. मग चौकशी आली. संध्याकाळपर्यंत त्या गाडीला इतक्या जणांनी हात लावला, की सकाळी ब्रेक कसा होता हे देवालाही सांगता आलं नसतं. धाकट्याची बदली झाली, दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब. मुलाची शाळा सुटली, बायकोची नोकरी सुटली. जायच्या दिवशी तो आवारात सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तुझा पाय माझ्या सहीपेक्षा मोठा का रे?"

पुढची नऊ वर्षं काका याचं उत्तर शोधत होते, आणि शोधता शोधता त्यांना दुसराच प्रश्न पडला होता: त्या दिवशी आपला पायच तर चुकला नव्हता?

दोघा भावांनी तोंड फिरवलं तरी दोघी जावांनी फिरवलं नव्हतं. त्यांचं फोनवर सगळं सुरळीत चालू होतं, पाककृतींपासून पाठदुखीपर्यंत. त्या वाटेनेच परवा निरोप आला. धाकटा निवृत्त झाला, मुलाकडे कायमचा राहायला चाललाय, बायको सामान घेऊन पुढे गेलीय. त्याची गाडी बुधवारी चार दहाला आपल्या स्टँडवर येते, वीस मिनिटं थांबते, चार तीसला सुटते.

"घरी नाही येणार म्हणालेत," काकू फोनवर म्हणाल्या. "पण म्हणालेत, दादा स्टँडवर आला तर बघू. नाही आला तर मी काय समजायचं ते समजेन."

"काय समजेल?"

"आता ते मी कशाला सांगू? नऊ वर्षं तुम्ही दोघं तेच तर समजताय!"

काकांनी ठरवलं, जायचं. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. पण तोंडाने बोलण्याजोगं काही सुचेना, तेव्हा त्यांनी बटाटे आणले.

काकू एक पदार्थ करायच्या: बटाट्याच्या पातळ चकत्या, त्यावर दूध, लोणी, मीठमिरी, असे थरावर थर. खालच्या ओव्हनमध्ये सत्तर मिनिटं, मग वर चीज किसून वरच्या ग्रिलखाली आठ मिनिटं. पत्र्याच्या डब्यात केला की चारही बाजूंना अशी करपट कड धरते, की धाकट्याने डबा चाटून पुसून द्यावा. आणि ती कड गरमच खायची, गार झाली की तिचं चामडं होतं. म्हणून सकाळी करून ठेवण्यात अर्थ नव्हता. काकांनी दुसऱ्या कागदावर वेळापत्रकच मांडलं. सव्वादोनला आत. तीन पंचवीसला बाहेर. आठ मिनिटं ग्रिल. पावणेचारला घर सोडायचं. स्टँड बारा मिनिटांवर. गाडीच्या आधी हजर.

वेळापत्रक चोख होतं. पण दोन वाजता वीज गेली.

पाचच मिनिटांत ती आलीसुद्धा, पण ओव्हनच्या घड्याळात नुसते शून्य लुकलुकायला लागले आणि ओव्हन काही लागेना. बटण इकडे फिरव, तिकडे फिरव, ढिम्म. काकांनी कागद वाचला, कागदात याचं नाव नव्हतं. पंचवीस मिनिटं झटापट केल्यावर त्यांना उमगलं, की घड्याळात वेळ लावल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नाही. काकांना याचा राग यायला हवा होता, पण उलट आदरच वाटला. वेळ माहीत नसताना सुटणारी गाडी काय कामाची?

डबा आत गेला दोन चाळीसला. सत्तर मिनिटं काका खालच्या काचेसमोर स्टूल टाकून बसले. वरच्या ओव्हनमध्ये काही कोंबलेलं नाही हे त्यांनी चारदा बघितलं. तीन पन्नासला मोजे चढवले, बाजूला उभे राहिले, दार उघडलं, वाफेचा लोट जाऊ दिला, डबा वर नेला. ग्रिलखाली चीज आधी घाम आल्यासारखं चमकलं, मग फुगलं, मग तांबूस झालं. काका डोळ्याची पापणी न लववता उभे होते. तीन अठ्ठावन्नला कड काळी धरली आणि त्यांनी सगळी बटणं शून्यावर आणली. डबा ओट्यावर कोरड्या पाटावर आला. वास असा सुटला, की समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला.

काकांनी डबा फडक्यात बांधला, पिशवीत ठेवला, चपला शोधल्या, आणि दाराशी जाऊन थबकले.

ओव्हनमधून आवाज येत होता.

घुंऽऽ असा, एकसुरी. बटणं शून्यावर, दिवा विझलेला, आणि आवाज चालू.

काका परत आले. एकेक बटण हाताने चाचपलं. शून्य, शून्य, शून्य, शून्य. पण काकांना हे माहीत होतं, की दांडा न्यूट्रलला दिसतो म्हणून गाडी न्यूट्रलला असतेच असं नाही. उतारावर असल्या गाड्यांनी टपऱ्या घेतल्यात पोटात. आणि दिव्यावर भरवसा ठेवू नका हे तर बायकोनेच लिहिलं होतं. मग राहिलं काय? आवाज. आवाज आहे म्हणजे आत काहीतरी चाललंय. भिंतीवरचं लाल बटण दाबावं तर आवाज थांबेपर्यंत ते दाबायचं नाही. चालू ठेवून जावं तर घर सोडायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत. काकूंनी लिहिलेल्या दोन ओळींच्या मध्ये काका असे अडकले, जसा गर्दीच्या गाडीत दोन बाकांच्या मध्ये एखादा जाडा माणूस अडकतो. मागेही नाही, पुढेही नाही.

खरं म्हणजे काकूंचाही दोष नव्हता. ओव्हन बंद केला की त्या भांडी घासायला लागायच्या, मग फोन, मग झाडांना पाणी. आवाज किती वेळ येतो, का येतो, याचा त्यांना कधी विचारच करावा लागला नाही. घर सोडून पळायची घाई त्यांना कधी नव्हती.

चार वाजले. काकांनी ओव्हनचं दार किलकिलं केलं, म्हणजे लवकर थंड होईल. तर गरम वारा वर येऊन बटणांवर बसायला लागला. झटकन लावलं. मग पेपरची घडी करून ते बाहेरूनच वारा घालू लागले. याच वेळी समोरच्या गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या वासावर आल्या होत्या, पण तसं म्हणणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

"काय हो, ओव्हनला घाम आलाय?"

"बाई, बरं झालं आलात. हा बंद आहे की चालू?"

बाईंनी चष्मा पुढे मागे करून बघितलं. "बटणं तर बंद आहेत."

"आवाज येतोय."

"हो, येतोय खरा. मग चालू असणार."

"पण बटणं बंद आहेत."

"मग बंद असणार," बाई म्हणाल्या. आयुष्यभर दोन्ही बाजू समान करत आल्यामुळे त्यांना यात काही अडचण दिसली नाही.

"तुम्ही अर्धा तास बसता का इथे? नुसतं लक्ष ठेवायचं. मला स्टँडवर जायचंय, भाऊ येतोय."

"अहो, माझी सहा पोरं येऊन बसलीत शिकवणीला. आणि खरं सांगू? माझ्या चुलतबहिणीच्या नणंदेकडे असाच आवाज येत होता."

"मग?"

"मग काही नाही. नवीन किचन करावं लागलं." एवढं बोलून, दिवा लावल्यासारखी ती भीती तिथे लावून, बाई गेल्या.

चार सहा. काकांनी काकूंना फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. मग आठवलं: बाळ झोपलं की काकू फोन मुका करून उशीखाली ठेवतात, आणि बाळ दुपारी तीनला झोपतं ते पाचला उठतं. नातवाचंही वेळापत्रक चोख. कोणावर गेलाय, हे सांगायला नको.

चार नऊ. ओव्हन बसवणाऱ्याने पहिल्या घंटीलाच फोन उचलला.

"ओव्हनमधून आवाज येतोय," काका म्हणाले.

"येतो मी, साहेब. उद्या, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहाच्या मध्ये."

"अहो, यायला नको. नुसतं सांगा, बंद केल्यावर..."

"बघितल्याशिवाय कसं सांगणार, साहेब? घरीच राहा मात्र. माणूस आला आणि कुलूप असलं की आमची फेरी फुकट जाते." फोन बंद.

घरीच राहा. सगळं जगच जणू आज काकांना घरीच राहा म्हणत होतं. ते स्टुलावर बसले. फडक्यातून डब्याची ऊब त्यांच्या मांडीला लागत होती आणि ती मिनिटामिनिटाला कमी होतेय असं वाटत होतं. चार दहा झाले. आता गाडी आत वळली असेल. धाकटा उतरला असेल, पाय मोकळे करत असेल, फाटकाकडे बघत नाही असं दाखवत फाटकाकडे बघत असेल. त्याला वाटेल, दादा आला नाही. आणि तो समजेल. आणि गंमत बघा, यावेळीही कारण तेच: दादाने नियम मोडला नाही. नऊ वर्षांपूर्वी ब्रेक, आज बटाटे.

घुंऽऽ.

स्वयंपाकघर केवढंसं, चार पावलं लांब, तीन रुंद, खिडकीला जाळी. चौतीस वर्षं समोर काच असायची आणि काचेत रस्ता. आताही समोर काच होती, दोन दोन होत्या, आणि दोन्हींत स्वतःचाच चेहरा, वर एक, खाली एक.

चार चौदाला त्यांनी कागदाच्या तळाशी बघितलं आणि तिसरा नंबर फिरवला.

पलीकडे गाड्यांचे हॉर्न, विक्रेत्यांचा गलका, आणि मग तो आवाज, थोडा जाड झालेला. "कोण?"

"मी."

गलका चालू राहिला. "आलास? कुठे आहेस?"

"घरी."

"बरं," धाकटा म्हणाला. फोन ठेवण्याआधी माणूस म्हणतो तसं.

"ठेवू नकोस! ओव्हन बंद होत नाहीये."

"काय?"

"ओव्हन रे. तुझ्यासाठी बटाटे केले. बटणं शून्यावर केली तरी आत घुंऽऽ चाललंय. चालू ओव्हन टाकून कसा येऊ?"

पलीकडे एक फसकन आवाज, मग दुसरा. धाकटा हसत होता. रागाने की मायेने ते त्या गलक्यात कळायला मार्ग नव्हता.

"दादा, धन्य आहेस. नऊ वर्षांनी फोन केलास, तो पण ब्रेकडाउनचा."

"हसतोस काय? सांग ना."

"फोन त्याच्याजवळ धर."

काकांनी धरला. बराच वेळ धरला. हात दुखायला लागला.

"बटणं सगळी शून्यावर? हाताने बघ, डोळ्यांनी नको."

"बघितली. सगळी शून्यावर."

"दाराच्या वरच्या बाजूला फट असेल, बारीक जाळीसारखी. तिथे तळवा धर, टेकवू नकोस. वारा येतोय?"

"येतोय. कोमट."

"बंद केलास तेव्हाही कोमटच होता?"

"नाही. तेव्हा चांगला गरम होता, चेहऱ्याला लागत होता."

"थांब. एक मिनिट थांब आणि परत हात धर. मी आहे फोनवर."

"तुझी गाडी..."

"थांब म्हटलं ना."

काका थांबले. चार सोळा झाले. पुन्हा हात धरला. "अजून कमी झालाय."

"मग तो पंखा आहे. तो काही शिजवत नाहीये. कपाटात कोंबलेला ओव्हन आहे तुझा, त्याचं अंग आणि वायरी थंड करायला पंखा ठेवलेला असतो. आपण बंद केला तरी तो फिरत राहतो, पुरेसं थंड झालं की आपोआप थांबतो. अर्धा तास लागेल, कदाचित जास्त. म्हणूनच लाल बटण दाबू नका म्हणतात. बंद आहे तो. सोड आणि ये."

"नक्की?"

शब्द निघून गेला आणि काकांना वाटलं, जीभ चावावी. पलीकडचा गलका एकदम मोठा ऐकू यायला लागला.

"दादा," धाकटा हळू म्हणाला, "मी सांगतोय बंद आहे. आता तुझा पाय काय म्हणतो ते तू बघ." आणि फोन ठेवला.

काकांचा पाय काहीच म्हणत नव्हता. तो जमिनीला खिळला होता. ओव्हन आपला घुंऽऽ करत होता. डोळ्यांनी दिसत नाही, हाताने धरता येत नाही, नुसता भावाचा शब्द. काकांनी पिशवी उचलली. दाराबाहेर आले, कुलूप लावलं, एकदा ओढलं, आणि दुसऱ्यांदा ओढायला गेलेला हात तसाच मागे घेतला. मग ते जिन्याने खाली धावले. प्रत्येक मजल्यावर तो आवाज ऐकू येतोय असं त्यांना वाटलं. पहिल्या मजल्यावर तर ते उलटे वळलेसुद्धा. मग पुन्हा सुलटे वळले. वाटेतल्या चौकात पायी जाणाऱ्यांचा दिवा लाल होता, तिथे मात्र थांबले. तेवढं त्यांच्याच्याने होणारच नव्हतं.

स्टँडवर पोचले तेव्हा चार सव्वीस झाले होते. धाकटा गाडीच्या दाराशी उभा होता, केस सगळे पांढरे, पोट आलेलं. त्याने आधी दादाच्या हातांकडे बघितलं. काकांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत फुलाफुलांचे ओव्हनचे मोजे होते. कुलूप लावल्यावर गरम डब्यासाठी ते पुन्हा चढवले होते, आणि घरापासून स्टँडपर्यंत सगळा रस्ता काका तसेच आले होते.

"बॉक्सिंगला आलास का मला भेटायला?"

"डबा गरम आहे," काका धापा टाकत म्हणाले.

फडकं सुटलं. धाकट्याने बोटांनी कोपऱ्यातली कड उचकटली, तोंडात टाकली, भाजली म्हणून हवा ओढली, आणि डोळे मिटले. चार सत्तावीस. चार अठ्ठावीस. तो दुसरी बाजू सोलायला लागला. काकांना इतक्या वर्षांत साठलेलं सगळं बोलायचं होतं, आणि त्यांचा निम्मा जीव तिसऱ्या मजल्यावर घुंऽऽ करत होता.

"दादा," डब्यातच बघत धाकटा म्हणाला, "त्या दिवशी मी ती गाडी बघितलीच नव्हती."

"कुठली?"

"कुठली काय? तीच. सात गाड्या रांगेत होत्या, फोरमन डोक्यावर उभा. मी खाली वाकलोच नाही. सही केली."

काकांना आनंद व्हायला हवा होता. आपला पाय बरोबर होता, नऊ वर्षांनी निकाल लागला. पण त्यांना नुसतंच दमल्यासारखं झालं. "मला वाटायचं, पायच चुकला," ते म्हणाले. "आणि मी निदान आधी तुला येऊन विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तरी मी बघितलंय म्हणूनच सांगितलं असतं. सांगू का? नऊ वर्षं तुझ्यावर चिडायलाच इतका वेळ गेला, की स्वतःवर चिडायला सवडच मिळाली नाही."

कंडक्टरने घंटी दिली. धाकटा पायरीवर चढला. काकांचं तोंड उघडं राहिलेलं बघून तो म्हणाला, "आता ओव्हनबद्दल विचारणार आहेस. विचार."

"आज..."

"आज नीट तपासलं मी. दोनदा. म्हणून तर थांबवलं तुला." त्याने डब्यातली मधली मऊ खापच फडक्यावर काढून काकांच्या मोजे घातलेल्या हातात ठेवली, आणि कडेसकट डबा पोटाशी धरला. "डबा नेतोय. वहिनीला सांग, न्यायला या म्हणावं. दोघं."

गाडी मागे सरली, वळली, फाटकातून बाहेर पडली. काकांनी ड्रायव्हरचा वळसा बघितला, त्यांना तो जरा मोठा वाटला. मग ते घराकडे वळले, चार पावलं झपाझप गेले, आणि थांबले.

फाटकाजवळ उतारूंसाठी एक बाक होता. इतकी वर्षं त्याच्यासमोर गाडी लावली, पण त्यावर बसायची वेळ कधी आली नव्हती. काका बसले. हातातले मोजे काढून बाजूला ठेवले. घरी एक बंद केलेलं यंत्र आपलं अंग थंड करत होतं आणि त्याला काकांची काही गरज नव्हती, असं एका मेकॅनिकने सांगितलं होतं. त्यांनी बटाट्याचा घास घेतला. मीठ जरा जास्तच पडलं होतं. धाकटा त्याबद्दल अक्षर बोलला नव्हता. काकांनी सावकाश, एकेक थर उलगडत, सगळं संपवलं, आणि मगच उठले.